दिगूचा काळा पिक्चर

दिगू गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या हातात रंगाची गन होती. कंप्रेसरच्या धडधडीत पहिली दोन वाक्यं ऐकूच आली नाहीत, म्हणून मी खेकसले, "कोण बोलतंय? मोठ्याने बोला की जरा!" मग जाऊन कंप्रेसर बंद केला. पलीकडे दिगूची बायको मंगल होती, रोह्याहून. एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "शालनताई, हे गेले. सकाळी चहा घेऊन ओटीवर बसलेले… बसल्या बसल्याच गेले." मी "बरं" म्हटलं. खरंच, तेवढंच म्हटलं. फोन ठेवला, कंप्रेसर परत चालू केला आणि समोरच्या फळीवरच्या सात गणपतींची पितांबरं पिवळी करून टाकली. सातव्याचा रंग ओघळून पार पायावर आला, तेव्हा गन बंद केली. मग मी तिथेच पोत्यावर बसले आणि कारखान्यातल्या बायकांनी पाणी आणून दिलं.

आता या गोष्टीला महिना उलटला. पेपरच्या पुरवणीवाल्यांनी सांगितलं, तुम्ही त्यांना कॉलेजपासून ओळखत होतात, चार शब्द लिहा. ओळखत होते, म्हणूनच लिहवत नव्हतं. दिगंबर मोकल हा माणूस आग आणि धूर यांची चित्रं करायचा, कॉम्प्युटरवर. कुठल्या इमारतीत आग लागली तर ती कशी वाढेल, धूर कुठून कुठे जाईल, हे आधीच दाखवणारी चित्रं. शेवटची दोन वर्षं मी त्याच्याशी धड बोलले नाही. का बोलले नाही, याचं एक कारण पेणपासून रोह्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे आणि ते खोटं आहे. खरं काय ते सांगायला मी बसलेय. नाहीतर मनमिळाऊ होता, हसतमुख होता, असल्या गोड ओळी मलाही लिहिता येतात.

दिगू खाडीकाठच्या खारेपाटातला. आईबाप मिठागरात. पाऊस लागला की मिठागराचं काम बंद, मग त्याची आई आमच्या पेणच्या कारखान्यात गणपती घासायला यायची. अकरावीला दिगू माझ्याच वर्गात आला आणि त्या पावसाळ्यात आईच्या मागोमाग कारखान्यातही आला. महिन्याभरात गन अशी धरायला लागला की माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, त्यांनी त्याला सरळ रंगावर बसवलं. दादांचा कारखान्यातला नियम एकच. तोंड दिसलं पाहिजे. बाकी काय वाटेल ते करा, तोंड झाकायचं नाही. एकदा दिगूने एका मूर्तीला मुकुटाखाली काळसर झाक मारली, कपाळ आणि डोळे सगळे सावलीत गेले. दादा भडकले. "मेल्या, देवाचं तोंड कुठाय? गिऱ्हाईक काय मुकुटाला नमस्कार करणार?" दिगू शांतपणे म्हणाला, "पण दादा, मुकुटाखाली सावली पडतेच की." दादा म्हणाले, "पडते तर पडू दे. तू दाखवू नको." दिगूने मूर्ती धुतली, पण तोंड फुगवून. मला हसू आलं. मी दादांच्या बाजूची होते. आयुष्यभर मी दादांच्या बाजूची राहिले, हीच तर रड आहे.

पुढे तो शिकला, इंजिनियर झाला, काही वर्षं मुंबईला एका संस्थेत काम केलं. मग वडील आजारी पडले तेव्हा परत आला आणि रोह्याला बिऱ्हाड केलं, कारण धाटावच्या केमिकल कंपन्या जवळ. रविवारी पेणला आला की कारखान्यात डोकवायचा. एकदा रंगाच्या डब्यांवर लॅपटॉप ठेवून त्याने मला त्याचं काम समजावलं. म्हणाला, एक खोली घ्यायची, तिचे चहाच्या डब्याएवढे चौकोन पाडायचे, जमिनीपासून छतापर्यंत. एका कोपऱ्यात आग लावायची, कॉम्प्युटरमध्येच. मग प्रत्येक चौकोनात दर क्षणाला किती उष्णता, किती काजळी, हवा कुठे ओढतेय, हे सगळं गणिताने काढायचं. तीन-चार मिनिटांच्या आगीला मशीन दोन-दोन दिवस चालतं आणि शेवटी हातात काय पडतं? नुसते आकडे. "आकडे वाचून कोण पळंल गो? म्हणून त्यांचं चित्र करायचं. कुठल्या आकड्याला कुठला रंग, आणि तो किती दाट, ते मी ठरवतो." मी पोट धरून हसले. म्हटलं, "एवढं शिकून सवरून शेवटी गनच मारतोस की रे!" तोही हसला. मंगलला सांगायचा म्हणे, की माझी मास्तरीण पेणला आहे.

मास्तरीण कसली, पण रंगाचं मी त्याला सांगायचे, हे खरं. त्याच्या पहिल्या ज्वाळा कागदाच्या दिसायच्या, प्रत्येकीला कड. मी म्हटलं, ज्वाळेला कड नसते, पिवळा कुठे संपला आणि नारिंगी कुठे लागला ते कळता कामा नये. त्याने ते वहीत लिहून घेतलं. आमच्या मागच्या अंगणात नारळाची सोडणं पेटवून तासन्‌तास धुराकडे बघत बसायचा, आणि माझी आई ओरडायची की माझे वाळत घातलेले कपडे तुझा बाप धुणार काय. धुराचं मात्र तो मला शिकवायचा. धूर म्हणजे रंग नव्हे, म्हणायचा. काजळी उजेड खाते. पलीकडचा दिवा जेवढा खाल्ला गेला, तेवढा धूर. मला ते पटायचं, पण हात मात्र रंगाऱ्याचा होता.

धाटावच्या एका कंपनीने त्याला पिक्चर करायला सांगितला. ते व्हिडिओ म्हणायचे, आम्ही पिक्चर. पॅकिंग विभागात आग लागली तर काय करायचं, हे कामगारांना दाखवायला. त्याच पॅकिंगमध्ये माझा धाकटा भाऊ नंदू होता. दिगूला कोण आनंद! नंदू कुठे उभा राहतो, ड्रम कुठे लावलेले असतात, दार कुठे, सगळं मोजून आणलं. महिनाभर खपला. आणि मग एका रविवारी पडेल चेहऱ्याने कारखान्यात आला. कंपनीच्या सेफ्टी ऑफिसरने पिक्चर परत पाठवला होता. धूर वरून जमायला लागतो, हळूहळू खाली येतो, आणि थोड्याच वेळात सगळा पडदा काळा. ऑफिसर म्हणाला, ह्यात काहीच दिसत नाही, लोकांना काय दाखवू?

मी बघितलं. मलाही काही दिसलं नाही. मी म्हटलं, "मग पातळ कर की! किती झाकतोयस! दार दिसू दे जरा."

"खरं तर दार दिसणार नाय गो."

"अरे पण शिकवायचंय ना तुला? दिसलंच नाही तर शिकतील काय, कपाळ?"

धूर दाट-पातळ करायला पडद्यावर एक पट्टी होती, ती त्याने मला पूर्वी दाखवलेली होती. मी त्याच्या हातातून माउस घेतला आणि ती पट्टी मी सरकवली. हळूहळू. मूर्तीच्या अंगावरच्या शेल्याचा रंग पातळ करतात तशी. आधी ड्रम दिसायला लागले, मग भिंत, मग ते दार आणि त्याच्यावरची हिरवी पाटी. धूर होताही आणि दारही स्वच्छ दिसत होतं. फार देखणं दिसत होतं. मी म्हटलं, "हां! आता बघ. आता कसं तोंड दिसतंय." दिगू बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "सुंदर झालंय." आणि लॅपटॉप मिटला.

कंपनी खूश. नंदूचा फोन आला, "ताय, दिगूदादाने आमची पॅकिंग हुबेहूब बनवलीय गो! धुरातनं आमचं दार कसं झ्याक दिसतं!" मी नंदूला सांगितलं नाही की ते दार मी दाखवलंय. मनात मात्र फुगले होते.

त्या वर्षी श्रावणात, दुसऱ्या शिफ्टला, दिवसाउजेडी, पॅकिंगमध्ये आग लागली. मी तपशिलात शिरणार नाही. बाकीचे बाहेर पडले. नंदू पडला नाही. चौकशी झाली, कागद झाले, त्यात पिक्चरचा शब्दही नव्हता आणि असायचं कारणही नव्हतं. पण नंदूच्या बाराव्याला त्याचा जोडीदार आला, शेडगे, खांब गावचा. हातांना पट्ट्या. जेवायला बसेना. मी विचारलं, तुम्ही दोघं एकत्रच होतात ना? तेव्हा खाली मान घालून तो म्हणाला, "व्हय ताई. एकत्रच. धूर एकदम डोक्यावर आला, काय दिसंना. मी म्हटलं पळ. तर नंदू म्हणाला, थांब, दार दिसंल आता. पिक्चरमधी दिसतं ना." शेडगे कशाला तरी अडखळून पडला. पडला म्हणून वाचला. खाली जमिनीलगत हवा होती, रांगत निघाला. नंदू वर उभा होता. दार दिसायची वाट बघत उभा होता.

आणि त्याच वेळी दिगू दारात आला. रोज येत होता तो, बारा दिवस, लाकडापासून जेवणापर्यंत सगळं त्याने बघितलेलं. मी उठले आणि सगळ्यांच्या देखत त्याच्या अंगावर गेले. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. एवढं आठवतं, "तुझ्या पिक्चरने खाल्ला माझा भाऊ! खोटारड्या! खोटा धूर केलास तू!" आई रडत होती. मंगल त्याच्या मागे उभी होती, तिने तोंडावर पदर घेतला. दिगूने हात जोडले. माझ्याकडे बघितलं… एकदाच. मला वाटलं, आता बोलेल. आता म्हणेल, शालन, पट्टी तू सरकवलीस. तो म्हणाला, "चुकलं माझं." आणि चपला न घालताच निघून गेला. त्या चपला दोन दिवस आमच्या दारात होत्या.

मी कोणालाही सांगितलं नाही. आईला नाही, नंदूच्या बायकोला नाही. पहिल्या रात्री वाटलं उद्या सांगू. मग वाटलं, आता सांगून नंदू येणार आहे का? मग तर मी स्वतःलाच पटवलं की शिकलेला तो होता, मला काय कळतं, मी म्हटलं म्हणून त्याने ऐकायचं कशाला? हे पटवणं सोपं गेलं, कारण सगळं गाव माझ्या बाजूने होतं. धाटावच्या बसमध्येसुद्धा लोक म्हणायचे, त्या मोकलचा पिक्चर. दिगू पांढरा पडत गेला आणि मी गप्प राहिले. आज लिहितेय, तर ज्यांनी त्याला नावं ठेवली त्यांनी वाचावं. धूर पातळ मी केला. माझ्या ह्या हाताने.

पुढचं मला मंगलने सांगितलं, तिच्याशी फोन चालू होता. दिगूने बाकीची कामं सोडली आणि एकच पिक्चर नव्याने करायला घेतला. तीच पॅकिंग, तीच आग, पण ह्या वेळी माणसाच्या डोळ्यांनी बघितलेली. नंदू उभा होता तिथून, नंदूच्या उंचीवरून. धूर आकड्यांत जेवढा दाट, तेवढाच पडद्यावर. त्यामुळे थोड्या वेळात पडदा काळा व्हायचा आणि साडेतीन मिनिटं काळाच राहायचा. हा पिक्चर घेऊन तो कंपन्या-कंपन्यांत फिरला. कुठेही तो पुरता चालला नाही. काळं झालं की लोक चुळबुळायचे, कोणीतरी म्हणायचं बंद पडला, कोणीतरी उठून वायर हलवायचं, दिवे लागायचे, लोक चहाला जायचे. दिगू सांगायचा, बंद नाही, असाच आहे, पुढे आहे. मग साहेब म्हणायचे, मोकल, तेवढा भाग कापा. एक जण तर म्हणाला, अर्धं मिनिट ठेवा, लगेच सगळ्या शिफ्टना दाखवतो. दिगू नाही म्हणाला. तेवढा वेळ खरा आहे, त्याला हात लावणार नाही. हट्टी मेला! अर्ध्या मिनिटाने कोणाचा तरी जीव वाचला असता, असं मला आजही वाटतं आणि त्याचा राग येतो. पण स्वतः एकदा खरं पातळ करून बसलेली मी त्याला काय सांगणार होते?

त्याला एक सवयही लागली. कुठेही गेला, लग्नाच्या हॉलमध्ये, बँकेत, दवाखान्यात, की आत शिरल्याबरोबर दोन पावलांवर उकिडवा बसायचा आणि जमिनीलगत नजर टाकून दार कुठे आहे ते बघायचा. मग उठायचा. लोक विचारायचे, काय पडलं काय? पोरं हसायची. मंगलला लाज वाटायची. रोह्यात बरेच जण म्हणायला लागले की मोकलचं डोकं फिरलं.

गेल्या चैत्रात, दुपारचा, तो अचानक कारखान्यात आला. दोन वर्षांनी. केवढा वाळलेला! कोपऱ्यात टीव्ही आहे, बायका काम करताना मालिका लावतात, त्याला त्याने पेनड्राइव्ह लावला आणि म्हणाला, "एकदा बघ गो शालन. शेवटपर्यंत. मग परत येणार नाय." मी गन खाली ठेवली नाही. पिक्चर सुरू झाला. नंदूचं टेबल दिसलं, ड्रम दिसले, समोर दार. छताखाली धूर जमला, खाली आला. हा धूर सुंदर नव्हता. दार गेलं, भिंत गेली, टेबल गेलं. काळं झालं. मी किती वेळ थांबले असेन? अर्धं मिनिटही नाही. मग उठले, म्हटलं, "बंद पडला तुझा पिक्चर," आणि बटण दाबलं.

तो बंद पडलेला नाही, हे मला ठाऊक होतं. मंगलने सगळं सांगितलेलं होतं मला. पण त्या काळ्यात नंदू उभा होता हो… मला नाही बघवलं. आणि बघितलं असतं तर मला बोलावं लागलं असतं.

दिगूने पेनड्राइव्ह काढून घेतला. "बरं, ऱ्हाऊ दे. चहा पाज." चहा प्यायला, बशी विसळून ठेवली. जाताना टीव्हीच्या कोपऱ्यात उकिडवा बसला आणि रॅकांच्या खालून, थिनरच्या डब्यांमधून, पलीकडे बघत राहिला. म्हणाला, "खालनं तुझ्या कारखान्याचं दार दिसतं. बरंय." गेला. मी त्याला फाटकापर्यंतसुद्धा सोडायला गेले नाही. महिन्याभराने मंगलचा तो फोन आला.

त्याच्या बाराव्याला मी पेणहून गाडीने रोह्याला गेले. निडीला गाडी थांबली तेव्हा शेतांत राबाचा पालापाचोळा जळत होता आणि धूर जमिनीवर पसरलेला. पूर्वी आम्ही एकदा ह्याच गाडीने नंदूकडे चाललो होतो, भाऊबीज होती, तेव्हा दिगू सगळी वाट मला सांगत होता की उघड्यावरचा धूर गार होऊन खाली बसतो आणि खोलीतला गरम असतो म्हणून छताला चिकटतो, वरून भरत खाली येतो. मी म्हटलं होतं, गप रे, करंजी खा. ते सगळं आठवलं आणि डब्यात मला हुंदका फुटला. समोरच्या बाईने विचारलं, कोण गेलं? मला सांगता येईना, की माझा कोण लागतो.

लोक पांगल्यावर मंगल मागच्या ओटीवर तांदूळ निवडत बसली होती. मी तिच्यापाशी बसले आणि सांगून टाकलं. "मंगल, तो धूर पातळ मी करायला सांगितला होता. पट्टी मी सरकवली होती. त्याने नाही." तिचा हात थांबला. मला वाटलं रडेल, नाहीतर मला हाकलून देईल. तिने सुपातला एक खडा काढला, बाजूला ठेवला. मग म्हणाली, "मला एकदा तरी सांगायचंत, ताई. मी भांडले हो त्यांच्याशी. दोन वर्षं भांडले. तुम्ही असं केलंतच का, म्हणून. ते म्हणायचे, चुकलं. बस, एवढंच." मी तिचे पाय धरायला गेले, तिने पाय मागे घेतले. तिने मला माफ केलेलं नाही आणि करू नये. उठून आत गेली आणि पेनड्राइव्हचं एक पाकीट आणून माझ्या मांडीवर टाकलं. वर दिगूच्या अक्षरात माझं नाव आणि खाली लिहिलेलं, शेवटपर्यंत बघणे. "न्या," ती म्हणाली. "माझ्या घरात मला ते नको."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत बायका बाहेर गेल्या तेव्हा मी कारखान्याचं दार आतून लोटलं आणि टीव्ही लावला. काळं झालं. काळ्या काचेत मीच दिसत होते, आणि माझ्या मागे फळ्यांवर बिनरंगाचे, बिनडोळ्यांचे गणपती. एक मिनिट गेलं असेल. माझा हात दोनदा बटणाकडे गेला. मग मी हात मांडीखाली दाबून बसले. साडेतीन मिनिटं किती मोठी असतात, हे सांगून कळणार नाही. नंदूला एवढा वेळ होता. एवढा वेळ तो उभा होता, माझा शहाणा भाऊ, शिकवल्याप्रमाणे… आणि मग पिक्चर खाली उतरायला लागला. माणूस आधी वाकतो, मग गुडघे टेकतो, तसा. आणि जमिनीलगत, हातभर उंचीचा एक पट्टा दिसला. स्वच्छ. त्यात फरशी होती, ड्रमांचे तळ होते, पिवळी रेघ होती, आणि समोर दाराचा उंबरठा आणि दाराखालून येणारा बाहेरचा उजेड. हिरवी पाटी वगैरे काही नाही, नुसता दिवसाचा उजेड. त्याला कड नव्हती. पिक्चर रांगत रांगत त्या उजेडापर्यंत गेला आणि उंबरठ्यावर संपला. मी परत लावून मोजलं. सात पावलं. उभ्या माणसाची सात पावलं होती, दिगू!

म्हणजे एवढंच तो दाखवायला आला होता. दार होतं, खाली होतं. दोन वर्षं हे खांद्यावर घेऊन तो दारोदार फिरला, आणि ज्या एका बाईने ते बघावं म्हणून आला, तिने बटण दाबलं. ह्याला मी काय करू? कोणाकडे जाऊ? त्यानंतर मी तीन कंपन्यांना फोन केले. एकाने पाठवून ठेवा म्हटलं, एकाने किती मिनिटांचा आहे विचारलं आणि ऐकून हसला. तिसऱ्याने फोन उचलला नाही.

म्हणून आता रोज चारच्या चहाला मी तो आमच्याच कारखान्यात लावते. आमच्याकडे थिनर आहे, रंगाचे डबे आहेत, पेंढा आहे, अकरा माणसं आहेत. पहिल्या दिवशी बायका हसल्या, ताई, केबल गेली. मी पिक्चर चालूच ठेवला. रंगाला नुकताच लागलेला एक जण आहे, निडीचा, दोन पोरांचा बाप, नंदूएवढाच उंच. परवा काळं झालं तेव्हा तो उभाच होता, बशी हातात. म्हणाला, "बंद पडला वाटतं ताई. थांबतो, दिसंल परत." थांबतो म्हणाला… माझ्या हातातला कप पडला. मी त्याचा हात धरून त्याला खाली ओढला, अगदी जोरात, त्याचा चहा सांडला माझ्या लुगड्यावर. "थांबू नको रे बाबा," मी ओरडले. "उभा राहू नको. खाली बस!" तो घाबरून बसला. मग एकेक करून सगळ्या बायका खाली बसल्या, मीही त्यांच्यात जमिनीवर टेकले. टीव्ही अजून काळाच होता. पण रॅकांच्या खालून, थिनरच्या डब्यांमधून, पलीकडे, दिगू म्हणाला होता ते खरं होतं, कारखान्याचं दार दिसत होतं.